दार लावून

दवाखान्यात नंबरची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

"ताई, चर्चला येत नाहीस, आणि रोज सकाळी दार लावून प्रार्थनेला बसतेस म्हणे?"

"बसते. चहाच्याही आधी."

"काय मागतेस?"

"मागत नाही. माझी लेक का नेलीस, एवढंच विचारते."

"येशूला असा जाब विचारतात का गं?"

"मग कोणाला विचारू? शेजारणीला?"

"पाद्री म्हणाले, आधी मन शांत कर, मग बस."

"मन शांत असतं तर बसले कशाला असते?"

"आणि त्यानं उत्तरच दिलं नाही तर?"

"उद्या परत बसेन. त्याला गप्प बसायचं तर खुशाल बसू दे. पण माझ्यासमोर बसू दे."