वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नये : सोपानरावांना निरोप देताना

अध्यक्षस्थानी बसलेले आमचे मालक आदिनाथशेठ, नवं लुगडं नेसून आलेल्या वहिनी, आज रिटायर होणारे त्यांचे यजमान सोपानराव, आन् भाषणापेक्षा नाश्त्याकडं ध्यान असलेल्या बंधू-भगिनींनो, शालनबाईचा सगळ्यांना नमस्कार.

मी सातवी शिकलेली, सफाईवाली बाई. पण स्टोअर सांभाळून कंपनीचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस निघालाय, तर चार शब्द बोलू द्या.

मागल्या खंडेनवमीला मशिनींची, हाफिसातल्या कॉम्प्युटरचीबी पूजा होती. कुणीतरी कुजबुजलं, "विधवेच्या हातून नको." सोपानराव म्हणाले, "रोज मशिनी पुसतं कोण? तीच पुजील." आन् मी पुजल्या.

दसरा झाल्यावर आपल्या हाफिसातल्या रश्मीमॅडमनी मेल उघडला, तर पडद्यावर इशारा. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तारीख जुळत न्हाई, पुढं जायचं का? मॅडम 'हो' दाबणार, तेवढ्यात सोपानराव ओरडले, "थांबा! वाचल्याशिवाय हो म्हणू नये."

खरं हाय की! आमच्या ह्यांनी न वाचता मला हो म्हटलं, बावीस वर्षं सोसून बिचारे सुटले.

मी इचारलं, "भाऊ, कसलं प्रमाणपत्र?"

"ताई, सर्व्हरचा गेटपास समजा. पास खरा हाय, आपल्या वॉचमनचंच घड्याळ मागं पडलंय."

बघते तर कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात सन दोन हजार नऊ! त्यांनी तारीख लावली, इशारा गेला. दुसऱ्या सकाळी मशीन चालू केलं, पुन्हा तेच. आठ दिवस तेच.

मालक, रागवू नका, पण तुमी सगळ्यांदेखत म्हणालात, "सोपानराव, वय झालं तुमचं. जमत नसंल तर दुसरा माणूस बघतो." त्या दिवशी त्यांनी डबा न उघडता घरी नेला. व्हय ना, वहिनी?

मग त्यांनी मशीन खोललं. घड्याळ चालवणारा रुपयाएवढा सेल गायब, आन् त्याच्या खाचेत कुंकू! मालक, तुमाला त्यांनी सांगितलं, "मीच काढला होता, बसवायचा राहिला." बोलणी खाल्ली, नवा सेल घातला. मला एवढंच म्हणाले, "ताई, पुढच्या खंडेनवमीला वरनंच पुजा."

तर मंडळी, सेल मी काढला. पूजेला कॉम्प्युटरचं झाकण काढून आत कुंकवाचं बोट लावताना निघाला, मला वाटलं कुणाचं तरी नाणं पडलंय. पूजेच्या ताटात ठेवलं, वर फूल वाहिलं! विधवेचा हात लागला म्हणून बिघडलं, असं कुणी म्हणू नये, म्हणून ह्या माणसानं स्वतःचं नाव खराब करून घेतलं. सेल कुणाच्याबी हातनं निघतो, मंडळी. असा माणूस निघत न्हाई.

ऐकून घेतलंत, लई आभार. जीभ वाकडी गेली असंल तर पदरात घ्या. सोपानभाऊ, माझी चूक तुमी सोसलीत, माफी करा.

माझं झालं. मालक, घ्या माईक. आता तुमचं राहिलंय.