घराच्या पोटावर

लेक : तिथं नको, आई. नळापाशी खणून झालं, कुंपणालगत झालं, जिन्याखाली झालं. अंगणाची पार चाळण झालीय.

टँकरवाला : काकू, संडासाच्या टाकीचं झाकण सापडल्याशिवाय माझा उपसायचा पाइप काय आभाळात सोडू? बांधली कोणी ही टाकी?

आई : ह्यांनी. स्वतः उभं राहून बांधून घेतली. ते जाऊन वर्ष झालं, आता विचारायचं कोणाला?

लेक : आणि संध्याकाळी दादा गिऱ्हाईक घेऊन येतोय. म्हणतो, संडास तुंबला म्हणजे टाकी फुटली, आता घर विकू, आई माझ्याकडे फ्लॅटमध्ये राहील. ठरवूनच बसलाय. एवढंच कबूल केलंय की टाकी शाबूत निघाली, तर घर विकायचं नाव काढणार नाही.

आई : मी नाही जायची तिकडे. त्याच्या खिडकीतून फक्त समोरच्यांची खिडकी दिसते.

टँकरवाला : फुटली कशावरून? पोट फुगलं म्हणजे फुटलंच असं नाही.

आई : काय म्हणालात?

टँकरवाला : पोट. टाकी म्हणजे घराचं पोटच की.

आई : अगदी ह्यांचं बोलणं. चहाचा कप घेऊन रोज मागं जाऊन बसायचे. हाक मारली की म्हणायचे, "थांब जरा, घराच्या पोटावर बसलोय." मला वाटायचं, माझी चेष्टा चाललीय.

लेक : कुठं बसायचे, आई? नीट आठव.

आई : त्यात आठवायचं काय? त्या मोठ्या फरशीवर. जिच्यावर तू कुंड्या मांडल्यास.

टँकरवाला : घ्या. काखेत कळसा नि गावाला वळसा. सरका, ती पहार द्या इकडे. ऐका आता. इथं कसं, बद्द. आणि इथं?

लेक : पोकळ. आई, पोकळ वाजतंय. उचल ती कुंडी, चल. मोगरा राहू दे, मी घेते.

टँकरवाला : कडीपण आहे बघा खाली. आता लांब व्हा दोघी. वाकून बघायचं नाही, जवळ काडी ओढायची नाही. आतली हवा माणसाला हाक मारायलासुद्धा वेळ देत नाही.

लेक : मग आत उतरणार कोण?

टँकरवाला : कोणी नाही. पाइप उतरेल. मी माणूस उतरवत नाही, आणि स्वतःला तर मुळीच नाही.

(पंप सुरू होतो. बराच वेळ त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.)

टँकरवाला : लांबून बॅटरी मारून बघितलं, भिंती खणखणीत आहेत, ताई. एक चीर नाही. पाणी बाहेर जायचा पाइपही धडधाकट.

लेक : ऐकलंस, आई? फुटलेली नाही. दादाला फोन लावते.

टँकरवाला : थांबा, फुटली नाही, पण अजीर्ण झालंय. वर साय, मधे पाणी, तळाला गाळ, असं असायला पाहिजे. इथं गाळच गळ्याशी आला होता. काकू, संडासात ओतता काय?

आई : स्वच्छता ठेवते, दुसरं काय? सकाळी ॲसिड, संध्याकाळी फिनेल.

लेक : रोज?

आई : रोज. ह्यांनीच सांगितलं होतं, टाकीत जीव आहेत म्हणून. मी धसकाच घेतला. म्हटलं साप असतील, विंचू असतील, वर आले म्हणजे?

टँकरवाला : अहो काकू, ते जीव म्हणजे जंतू. डोळ्यांना दिसायचेही नाहीत. घाण तेच पचवतात, मग निवळलेलं पाणी शोषखड्ड्यात जातं. दह्याला विरजण लागतं ना, तसं. तुम्ही त्या विरजणावरच ॲसिड ओतलंत.

आई : पण ते होते तेव्हा कधी तुंबली नाही.

लेक : तेव्हा ओतत नव्हतीस?

आई : ओतायला बाटली सापडली तर ना. लपवून ठेवायचे. कधी माळ्यावर, कधी सायकलच्या पिशवीत, एकदा तर त्यांच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली निघाली. मी म्हणायचे, ॲसिडच्या बाटलीतही कंजूषपणा करता. चार घरांना ऐकू जाईल असं भांडायचे.

लेक : मग बाबांनी खरं का नाही सांगितलं?

आई : सांगितलं असेल गं. "जीव" म्हणाले, नि पुढचं मी ऐकलंच नाही.

टँकरवाला : ताई, आत जाऊन दोन बादल्या पाणी सोडा बघू.

लेक : सोडलं. गेलं, आई, गेलं. गटगट करत गेलं. (फोन लावून) दादा, ऐक, टाकी शाबूत आहे. हो, मी इथंच उभी आहे. गिऱ्हाइकाला सांग, घरात माणसं राहतात. आई, तो म्हणतोय, येतो पण एकटाच येतो.

आई : ये म्हणावं. भाऊ, आता सगळं लख्ख उपसून काढा.

टँकरवाला : लख्ख नको, काकू. थोडं तळाशी ठेवतो, विरजणाला.

आई : ठेवा बाई. आणि फरशी बसवलीत की वर कुंड्या नकोत. तिथं बसायला जागा राहू दे.

लेक : तू बसणार?

आई : बघू. आधी ही धर.

लेक : ॲसिडची बाटली? ही मी काय करू?

आई : लपव कुठंतरी. आणि मी कितीही भांडले, तरी सांगू नकोस.