माईकवरचं गाऱ्हाणं

रत्नागिरीच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी लांज्याकडची एक सासू आणि तिची सून दर्शना बसल्या होत्या.

"आई, देवाला गाऱ्हाणं घातलंत ते ठीक. पण सगळं सांगायची काय गरज होती?"

"अर्धवट सांगून चालतं काय गो? मागे गुरवाने नुसतं 'सुनेचं दुखणं' म्हटलंन, तर तुझ्या सासऱ्यांचा गुडघा बरा झाला."

"म्हणून माईकवर? 'गर्भपिशवीच्या तोंडावरचे डाग कॅन्सर व्हायच्या आधीच डॉक्टरांनी जाळलेत, ते परत येऊ देऊ नको'? आणि अख्खा गाव 'व्हय महाराजा' म्हणाला!"

"पुरुष जरा जास्तच मोठ्याने म्हणाले."

"सरपंच वर्षभर विचारतायत, 'डाग कसे आहेत?'"

"माया आहे गो त्यांची."

"डाग जाळायला दहा मिनिटं लागली. थोडी कळ आली, बस. गावाचं अजून चालू आहे."

"आज कळेल ना, गेले की नाही?"

"कळेल. आधी माझा हात सोडा, मुंग्या आल्यात."

"मी कुठे धरलाय? तू धरलायस माझा."

नर्सने हाक मारली. दर्शना आत गेली आणि थोड्या वेळाने धावतच बाहेर आली.

"आई, गेले! एकही डाग नाही!"

"अगो बाय माझे! थांब, बाहेरच्यांना बोलावते."

"कोण बाहेर?"

"टेम्पोत आपल्या वाडीच्या अकरा जणी आहेत. म्हणाल्या, दर्शनाचं बरं निघालं तर आम्ही पण तपासून घेऊ."

"आणि नसतं निघालं तर?"

"तर आरे-वाऱ्याच्या समुद्रावर फिरून घरी. अहो भाऊ, जरा सरका. अकरा जणी बसायच्यात."