सात लिव्हरचं कुलूप

चावी बनवायची नाही? मग एवढा वेळ दुकानात काय न्याहाळताय, मॅडम? — थांबा, थांबा, ती वही बघून ओळखलं. राष्ट्रीय बालन्याय संस्था. पत्र आलंय तुमचं. नातीला माझ्याकडे परत पाठवायचं की तुमच्या सुधारगृहातच ठेवायचं, ते ठरवायला आलात ना? शिक्षा करत नाही म्हणता? मदत करता? असं गोड बोलूनच पोलीस तिला घेऊन गेले होते. — विचारा, विचारा, मी कशाला घाबरतोय!

पोरगी पंधराची. शाळेच्या कपाटातून जप्त केलेला फोन काढला म्हणे. अहो, तिचाच फोन, चोरी कसली त्यात? आई गेली तिची, आईचा आवाज आहे त्यात, तो ऐकल्याशिवाय झोपत नाही ती. आणि मुख्याध्यापिका म्हणतात, वर्ष संपल्यावर मिळेल! दोन दिवस पोरीनं अन्नाला हात लावला नाही. तुम्ही काय केलं असतंत? — हे लिहू नका. तिसऱ्या दिवशी वर्गात तो कानाला लावून बसली आणि सापडली, येडी.

मी शिकवलं? तिला? तीन वर्षं शेजारी बसते, पण हात जड आहे हो. हे बघा, साधं कुलूप, तिनं तारेनं उघडलेलं — नुसते ओरखडे! आणि ते कपाटाचं? सात लिव्हरचं! एक चरा नाही त्याच्यावर, उघडून पुन्हा होतं तसं लावलेलं. असा हात या अख्ख्या बाजारात एकाच माणसाचा —

पेन का थांबलं तुमचं?

नाही, म्हणजे... तिनं कबूल केलंय ना. स्वतःहून. मला म्हणाली, आजोबा, मी लहान आहे, मला समज देऊन सोडतील, तुम्हाला आत टाकतील, तुम्ही तोंड उघडायचं नाही. नाही उघडलं मी. आठ दिवस झाले. एवढा मोठा कारागीर, आणि लपलोय कुठे, तर पोरीच्या पाठीमागे. लाज वाटते हो, फार लाज वाटते.

ते पान फाडता? — नाही. बरोबर आहे, नकाच फाडू. सोमवारी तिला न्यायाधीशांपुढे उभं करणार ना तुम्ही? येतो मी. पण तिला सांगू नका, रडून रडून मला अडवेल ती. — आता निघा, मॅडम. शटर ओढायचंय मला.