बोंबलाला खोली नाही

...आणि वर मलाच विचारतात, मुंबईत स्वस्तातलं लॉज कुठलं बरं म्हणून! तुम्हाला सांगते, ह्या रखमीचा भाऊ बसऱ्याला निघालाय, आगबोट सकाळची, आदली रात्र मुंबईत काढायला हवी, तर ही आली माझ्याकडं धावत, का तर म्हणे बकुळा आफ्रिकेला जाऊन आली, तिला सगळं ठाऊक. ठाऊक आहेच मुळी. कुठलं लॉज कुठल्या जिन्यानं खाली हाकलतं ते अख्ख्या डहाणूत माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. बसा सगळ्याजणी. सुपं ठेवा खाली, जवळा कुठं पळून जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका रात्रीची तर गोष्ट. मी पण तेच म्हणत होते.

झालं काय, माझी हंसा दिली मोंबासाला. जावई भिकू तिथं गोदीत कामाला, पत्रात लिहायचा क्रेन चालवतो, मी बघितला तेव्हा क्रेनच्या खाली उभा राहून नुसता हात हलवत होता, पण ते असो. तर हंसाचं पत्र आलं. मी चार इयत्ता शिकलेली बाई, माझं पत्र मीच वाचते. लिहिलं होतं, आई, तिसरा महिना लागलाय, अन्नाचा घास जात नाही, स्वप्नातसुद्धा आपल्याकडचे सुके बोंबील दिसतात, बाळंतपणाला तू ये, आणि येताना बोंबील आण, आणि तुला जमत नसेल तर कुणाबरोबर बोंबील तरी पाठव. म्हणजे आईवाचून अडत नव्हतं, बोंबलावाचून अडलं होतं. पण पोटुशी पोर, तिचं काय मनाला लावून घ्यायचं?

मग काय, पासपोर्ट काढला, दोन्ही दंडांवर टोचून घेतलं, आठ दिवस हात वर होत नव्हता, डेकचं तिकीट आलं, आणि मी बोंबील निवडायला बसले. एकसारखे, लांब, काचेसारखे वाळलेले. खाली जवळा, वर बोंबील, त्यावर गोणपाट, त्यावर शिडाचं कापड, त्यावर माझं जुनं लुगडं. असं तीन पदरी बोचकं बांधलं, त्याला नाक लावून बघितलं आणि घरच्यांना म्हटलं, "बघा हो, काही वास येतोय का?" आमचे घरचे म्हणजे काशीनाथ तांडेल, पंचवीस वर्षं होडीवरचा मुख्य. त्यांनी पण नाक लावलं, म्हणाले, "छे, कसला वास?" आता मला सांगा, जन्म ज्याचा बोंबील वाळत घालायच्या दांड्यांखाली गेला त्याला विचारायचं का हे? पण विचारलं. आणि त्यानं सांगितलं. आणि मी ऐकलं. सगळं तिथंच चुकलं.

राहायची सोय लावून दिली घोलवडच्या हरिश्चंद्रभाऊंनी. वाडीवाले माणूस, चिकूच्या करंड्या मुंबईला पाठवतात, म्हणजे मुंबईचे अर्धे मालकच ते. म्हणाले, "वहिनी, कशाला काळजी करता? मुंबई सेंट्रलला उतरा, ग्रँट रोडकडं चालत जा, कोपऱ्यावर लॉज आहे, नुसतं माझं नाव सांगा. दोन रुपयांत खोली, खाट, पंखा. एका रात्रीची तर गोष्ट."

गेलो. तांडेल मला धक्क्यापर्यंत पोचवायला आलेले, त्यांच्या डोक्यावर माझी ट्रंक, माझ्या काखेत बोचकं, ते मी कुणाच्या हातात देत नव्हते. लॉजचा शेठ गुजराती. आता बाजारात मासळी विकणाऱ्या बाईला गुजराती येत नाही असं होईल का? मी लावलं सुरू. शेठ खूश.

"आवो बेन, आवो. क्यांना तमे?"

"डहाणूना, शेठ."

"डहाणू! त्यां तो मारी मासी रहे छे."

मावशी निघाली म्हणजे काम झालं. हरिश्चंद्रभाऊंचं नाव सांगितलं, ते काही त्याला आठवलं नाही, पण मावशीवर भागलं. वही उघडली, टाक बुडवला, काशीनाथ लिहिलं, आणि टाक थांबला. नाक वर. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

"बेन... आ शेनी वास आवे छे?"

"मने तो नथी आवती." खरंच येत नव्हता हो.

"पोटलामां शुं छे?"

खोटं कशाला बोलायचं? म्हटलं, "दीकरी माटे बूमला," लेकीसाठी बोंबील.

तुम्हाला सांगते, त्या माणसानं वही अशी मिटली की काशीनाथ आतल्या आत चिरडला. "रूम खाली नथी." त्याच्या पाठीमागं भिंतीवर सात किल्ल्या लटकत होत्या. मी मोजल्या. मी म्हटलं, "शेठ, एका रात्रीची तर गोष्ट." तो म्हणाला, बेन, तुम्ही जाल एका रात्रीत, वास दिवाळीपर्यंत राहील. जिन्यावरून खाली येईपर्यंत मागून उदबत्तीचा धूर आला. आमच्यामागं!

दुसऱ्या लॉजवर मॅनेजर निघाला आपला मराठी, चष्मेवाला. मला जरा हायसं वाटलं, वाटायला नको होतं. ह्यानं वासाचं नावच काढलं नाही, ह्याला पडसं होतं. ह्याचं दुसरंच.

"गाव कुठलं?"

"डहाणू."

"म्हणजे दमणच्या अलीकडं."

"अलीकडं म्हणजे पुष्कळ अलीकडं."

"आणि बोचक्यात काय?"

आता मुंबईत दारूबंदी आणि दमणमध्ये फिरंग्याचं राज्य, तिकडून बाटल्या येतात हे शेंबड्या पोराला ठाऊक. पण माझ्याकडं बघा आणि सांगा, मी बाटल्या आणणारी दिसते का? बरं, दिसत असेन. त्यानं नाक्यावरच्या हवालदाराला हाक मारली. हवालदार आला, घाटावरचा, मोठ्या मिशांचा, काठी बोचक्यावर आपटून म्हणाला, "किती बाटल्या?"

"बाटल्या नाहीत. सुके बोंबील आहेत."

"सगळे असंच सांगतात. सोड गाठ."

मी म्हटलं, "दादा, तुम्हीच सोडा." सोडली. लुगडं काढलं, शिडाचं कापड काढलं, गोणपाट उघडलं, आणि नीट दिसावं म्हणून तोंड आत घातलं. काय सांगू, आत गेलेला हवालदार आणि बाहेर आलेला हवालदार हे दोन निराळे इसम होते. डोळ्यांना पाणी, मिशा खाली. भिंतीला धरून उभा राहिला, आणि मॅनेजरला म्हणाला, "सोडून द्या ह्यांना. लांब नेऊन सोडा."

त्यानंतर एक धर्मशाळा झाली. तिथं आधी जात विचारली. मांगेले, मासळीवाले, म्हटल्यावर पुढं वासापर्यंत जायची वेळच आली नाही, लवकर आटोपलं. चांगलं केलं त्यांनी, आमचा वेळ वाचवला, धर्माचं काम ते.

दुपार टळली. तांडेल फुटपाथवर ट्रंकेवर बसले. हा माणूस काळोखात ताऱ्यावरून होडी घरी आणतो, आणि भुलेश्वरच्या एकाच गल्लीतून आम्ही तीनदा आलो. म्हणाले, "अगं, ते बोचकं दे टाकून. आपल्या दोघांना कुठंही जागा मिळेल."

मी म्हटलं, "तुम्हालाच टाकते. बोचक्याला मिळेल."

मग म्हणाले, "बरं, स्टेशनात सामान ठेवून घेतात म्हणे, तिथं ठेवू, सकाळी उचलू." बोलले ते बरं बोलले, कधी नव्हे ते. गेलो परत. खिडकीतला कारकून म्हणाला, "कुलूप कुठाय?" म्हटलं, "कशाला कुलूप?" म्हणाला, "कुलूप नाही ते सामान आम्ही घेत नाही." आता लुगड्याच्या गाठीला कुलूप कुठून लावायचं? तांडेल म्हणाले, "साहेब, हे कुणी चोरणार नाही." कारकुनानं जरा वास घेतला आणि म्हणाला, "ते दिसतंयच."

सकाळी सात वाजता धक्क्यावर हजर राहायचं. चुकली तर पुढची बोट महिन्यानं, तिच्यावर जागा कधी मिळायची कुणास ठाऊक, तोवर पोर बाळंत होऊन मोकळी व्हायची, आणि परक्या मुलखात तिच्या उशाशी कोण? भिकू? तो हात हलवील. खरं सांगते, तेव्हा रडावंसं वाटलं. पण रडायला सुद्धा बसायला जागा लागते, ती कुठाय?

चालता चालता कोटात, त्या साहेबांच्या फोर्टात, पोचलो. एक हॉटेल, दारात एवढा मोठा फेटेवाला, त्यानं तांडेलांना सलाम ठोकला. झालं, हे सलाम घेऊन सरळ आत. आतला पोरगेला साहेब टाय लावून उभा. म्हणाला, "पंचवीस रुपये."

मी विचारलं, "महिन्याचे?"

"एका रात्रीचे, बाई."

"आम्हाला पण एका रात्रीचीच खोली हवीय बाबा, हॉटेल विकत नको." शहाणा पोरगा, वासाबद्दल चकार शब्द बोलला नाही. नुसता रुमाल काढला, नाकाशी धरला, आणि त्या रुमालातूनच "थँक्यू" म्हणाला. एवढ्या अदबीनं मला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

दिवे लागले. धोबीतलावच्या एका गल्लीत गुजरातीत पाटी दिसली, खोली भाड्यानं मिळेल. मी तांडेलांना म्हटलं, ही शेवटची, नाहीतर बोचकं उशाला घेऊन धक्क्यावरच पडते. दुसरा मजला. दार उघडलं एका पारशिणीनं, डोक्याला रुमाल, पायांत सपाता, पन्नाशीची. जरबाई नाव, ते मागून कळलं. मी तोंड उघडायच्या आधीच तिचं नाक वर झालं. मी वळले. पायरी उतरायला लागले सुद्धा. दिवसभराची सवय.

"ए बाई! ऊभी रे. ए पोटलामां सुं छे?"

"बूमला," म्हटलं. "जाते, जाते."

"क्यांना बूमला?"

"डहाणूचे. थोडे चिंचणीचे."

तुम्हाला सांगते, त्या बाईचे डोळे भरले. माझा दंड धरला, कुठलाही धरला तरी टोचलेलाच, आणि ओढलं आत. तिचं माहेर तारापूर! चिंचणीच्या शेजारी. वीस वर्षं मुंबईत, म्हणाली, इथं मिळतात ते काय बोंबील, ती तर दातकोरणी. आणि दार लावून घेतलं. सबंध दिवसात पहिल्यांदा कुणीतरी दार लावलं ते आम्हाला आत घेऊन.

पलंग दिला, अंघोळीला गरम पाणी दिलं, चहा दिला. मी भाडं विचारलं तर कानावर हात. "पैसा? तारी पासेथी?" म्हटलं, मुंबईत देव आहे. मग ती म्हणाली, चार बोंबील चाखायला काढ. चार काढले. ती म्हणाली, चारनं पातियो होत नाही, पातियो म्हणजे त्यांचं आंबटगोड कालवण. आणखी आठ काढले. विळीवर कापता कापता तिनं दोन तसेच भाजून खाल्ले. कांदा पडला, गूळ पडला, आंबट सरका पडला, आणि तो वास जो जिन्यात गेला, तशी दारावर टकटक. वरच्या मजल्यावरची शेजारीण, "जरबाई, ए जरबाई, माहेरून कोण आलं?" तिला सहा. समोरचे म्हातारे काका, दात नाहीत, त्यांना पण चार, चोखायला. मी म्हणतेय, "अहो, माझ्या पोरीचे आहेत, पोटुशी आहे ती," तर जरबाई म्हणते, "तारी दीकरी त्यां छे, हुं तो अहीं छुं." म्हणजे लेक तिकडं, ही इथं. ज्यानं दार उघडलं त्याला नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं? आणि आमचे तांडेल पाटावर बसून तिसऱ्यांदा पातियो वाढून घेतात आणि मला सांगतात, "अगं, एका रात्रीची तर गोष्ट."

सकाळी बोचकं उचललं तर निम्मं. पंचवीस रुपयांचं हॉटेल स्वस्त पडलं असतं.

पण बोट मिळाली. डेकवर माणसं अशी खेटून की कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला विचारून, आणि माझ्याभोवती मात्र अंगण. पहिल्या तासातच सगळे सरकले. मी ऐसपैस चटई पसरली, पाय लांब केले, दहा दिवस राणीसारखी गेले. उरलेल्या बोंबलांवर हात ठेवून झोपायचे, म्हणायचे, असू देत निम्मे, पोरीच्या तोंडाला चव आली म्हणजे सगळं भरून पावलं.

मोंबासा आलं. भिकू धक्क्यावर न्यायला, हात हलवत. घर दुसऱ्या मजल्यावर. हंसा दारात उभी, सातवा महिना, चेहरा कसा भरलेला. "आई!" म्हणून धावली, आता गळ्यात पडणार, तेवढ्यात थांबली. नाक वर. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

"आई, ते काय आहे?"

"काय म्हणजे? तुझे बोंबील."

पोरगी तोंडावर पदर धरून मोरीकडं पळाली. भडाभडा ओकली. पत्र लिहिलं तेव्हा होता तिसरा महिना! पत्राला महिना, पासपोर्टला अडीच, मग टोचणी, मग बोटीचे दहा दिवस. डोहाळे काय आमच्या बोटीची वाट बघत धक्क्यावर थांबतात? आता तिला वरण-भात गोड लागत होता. मांगेल्याच्या पोरीला. वरण-भात.

भिकू माझ्यापुढं उभा, मान खाली. "मामी, रागावू नका. ते जरा बाहेर गॅलरीत ठेवलं तर..."

"ठेवते. आणि मी?"

तो दोन पावलं मागं सरकला. मग म्हणाला, "लुगड्याला पण येतोय, मामी."

ठेवलं बाहेर. शेजारी चटई टाकली. पोर बाळंत झाली, नातू झाला, त्याच्या सव्वा महिन्यापर्यंत मी तिथंच निजत होते, आणि बोंबील रोज दोन-दोन करून मीच खाल्ले. तेव्हा रखमे, स्वस्त जागा विचारतेस ना, तर सबंध प्रवासात ती एकच सापडली बघ मला. भाडं नाही, वारा भरपूर, वहीत नाव लिहा म्हणून कुणी सांगत नाही. सांग तुझ्या भावाला. फक्त जरा लांब पडते, मोंबासाला आहे.