गठ्ठ्यावरची तिरकी रेघ

— नाही हो, फोटोतली ती मी नव्हे, ती माझी धाकटी बहीण. सगळ्यांची हीच गल्लत होते, नाक सारखं ना. पुस्तकात हाच छापणार? छापा की, माझं काय जातंय. मेनफ्रेमचा, म्हणजे त्या जुन्या अवाढव्य संगणकांचा इतिहास म्हटलं की सगळे आधी तिच्याकडे जातात, मग कुणीतरी सांगतं, एक थोरलीपण होती — तुम्हीही तसेच आलात ना? बसा, चहा घ्या.

तर आमच्या हवामान कचेरीत एकाच कंपनीची, एकाच घराण्यातली तीन यंत्रं एकामागून एक आली. पहिलं दोन कपाटांएवढं, मधल्यानं अर्धी खोली खाल्ली, तिसऱ्याला तर अख्खा मजला लागला. पण कौतुक कसलं, तर पहिल्यावर चालणारं काम तसंच्या तसं तिसऱ्यावर चालायचं — भोकं पाडून ज्या कार्डांवर यंत्राला काम सांगायचं, त्यांतलं एकही बदलायला नको. पहिलं यंत्र मी चालवलं, बरं का. धाकटीला नोकरीला मी चिकटवलं, कार्डांना भोकं पाडायला मी शिकवलं. आणि तिसऱ्याच्या उद्घाटनाला साहेबांनी उभं कुणाला केलं? तिला. का, तर म्हणे हात चपळ. माझे काय लुळे होते?

रेघ माहीत आहे तुम्हाला? — तिनंच सांगितली असेल. आठशे कार्डं क्रमानं लावली की गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेनानं तिरकी रेघ ओढायची. गठ्ठा पडला, तर रेघ जुळवली की क्रम जुळला. ती मीच ओढायचे, थोरली म्हणून. माझी रेघ दिसली की ती पुन्हा तपासायचीसुद्धा नाही, एवढा विश्वास — पेन खाली ठेवा जरा. उद्घाटनाच्या गठ्ठ्यातली चार कार्डं. चारच. इकडची तिकडे केली, आणि मग रेघ ओढली. अगदी सुरेख.

पाहुण्यांसमोर यंत्र अडकलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि हिनं काय करावं — गठ्ठा खिडकीशी नेला, एकेक कार्ड उजेडात धरून नुसती भोकं वाचत गेली, वीस मिनिटांत चारही जागेवर. यंत्र चाललं, टाळ्या पडल्या, तोच हा फोटो. म्हणजे बघा, ती फोटोत आहे ती माझ्यामुळे. नाहीतर नुसता गठ्ठा ठेवणाऱ्या मुलीचा फोटो कोण काढतंय?

तिनं कधी विषय काढला नाही. कळलंच नसणार, भोळी आहे — काय? तुम्हाला सांगितलं? ‘गठ्ठा माझ्या हातून पडला, घाईत चार कार्डं मीच चुकीची लावली, ताईच्या रेघेचा काही दोष नव्हता’ — असं म्हणाली ती? आपणहून? तुम्ही विचारलं नसताना?

म्हणजे कळलं होतं. चाळीस वर्षं माझ्या घरी येऊन जेवून गेली, हसून बोलली, आणि सगळं कळलं होतं. यंत्र तिचं, फोटो तिचा, आणि आता चूकसुद्धा तिचीच? एवढी एक तरी माझ्या नावावर राहू द्यायची होती हिनं. घ्या, घ्या पेन. लिहा, कार्डं मी हलवली — नको, थांबा. खोडा ते. चहा राहू दे, निघा तुम्ही.