कुरकुरत्या चाकाची चाल

उस्मानचं कौतुक मले नोका सांगू, बाप्पा. आमच्या शेलूबाजारात एक मास्तर आला होता. छापील पुस्तकं अन् हातानं लिहिलेली जुनी बाडं धुंडून गाण्यांच्या चालींची यादी करून राह्यला होता. ज्याच्या घरची चाल, त्याचं नाव तो चालीपुढं लिहे. उस्माननं आपल्या आज्याचं सारेगम लिहिलेलं बाड नेऊन देल्लं, तं यादीत जिकडंतिकडं उस्मानच. माह्या पोटात दुखाले लागलं.

मी मास्तरले म्हणलं, "आमच्या घरीबी एक चाल हाय." आमच्या बंडीचं चाक कुरकुरते, तशी हुबेहूब गाऊन देल्ली. मास्तरनं डोळे मिटून आयकली, मंग उस्मानचं बाड उघडलं.

"ही चाल यात आहे, बाबू. उस्मानच्या नावावर लिहून झाली."

जळफळत घरी आलो. म्हणलं, "बा, आपल्या बंडीचा आवाज उस्मानचा कसा?"

बा बैलाले कडबा टाकून राह्यला होता. म्हणे, "मंग कोनाचा राहीन? बंडी त्याच्या आज्याचीच होती. मी इकत घेतली तवा बुढा म्हणे, चाकाले वंगण नोको लावजो, गाणं बिघडते."